पाच मीटरवरचा खोकला

किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरायचं, स्कूबा डायव्हिंगसाठी आलेल्या पाहुण्यांना उथळ प्रवाळावर अर्धा-पाऊण तास फिरवून आणायचं आणि चालतच बाहेर यायचं, हे माझं काम. खोली फार तर ६ मीटर. पहिल्यांदाच हवेची टाकी पाठीवर घेणाऱ्यांना १२ मीटरपर्यंत नेता येतं, पण इथे तेवढं खाली जायचं कारणच पडत नाही. उजेड, रंग, मासे, सगळं वरच्या पाण्यातच आहे.

'एवढ्याशा पाण्यात काय होणार?' हे पाहुण्यांचं ठरलेलं वाक्य. खरं तर दाबाचा सगळ्यात मोठा फरक याच पाण्यात पडतो. पहिल्या १० मीटरमध्ये दाब दुप्पट होतो. तो पुन्हा दुप्पट व्हायला आणखी २० मीटर उतरावं लागतं. छाती भरून श्वास रोखला आणि दीड मीटर जरी वर आलं, तरी फुप्फुसाला इजा होऊ शकते. म्हणून 'श्वास रोखायचा नाही' हे आम्ही बोलून बोलून गुळगुळीत केलेलं वाक्य आहे. पण त्या दिवशी जे झालं त्याचा श्वास रोखण्याशी काही संबंध नव्हता, कानांशी नव्हता, हवा संपण्याशीही नव्हता.

आई आणि मुलगी अशा दोघी होत्या. आई पंचावन्नच्या पुढच्या, मी त्यांना काकू म्हणत होते. काका किनाऱ्यावर कॅमेरा घेऊन बसले होते. काकू नियमित पोहणाऱ्या, आणि ते कमरेएवढ्या पाण्यातच दिसलं. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने बाहेर काढायचा सराव बहुतेकांना नकोसा होतो. तरुण, दणकट माणसंही तिथे उसळून उभी राहतात. काकूंनी पहिल्या झटक्यात केला. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडात पोचवणारा भाग, तोंडातून सुटल्यावर हात मागे फिरवून शोधला, दाबून पाणी बाहेर काढलं, परत तोंडात घेतला. मुलगीच जरा बावरली होती. माझा सहकारी तिच्याबरोबर राहिला, काकू माझ्याकडे.

नवख्या माणसाबरोबर खाली असताना मी त्याच्याकडे जितकी बघते, तितकीच त्याच्या बुडबुड्यांकडे बघते. शांत माणसाचे बुडबुडे मोठ्या झुबक्यात येतात, मग थोडी विश्रांती, मग पुढचा झुबका. माणूस अस्वस्थ झाला की विश्रांती नाहीशी होते आणि बारीक बुडबुड्यांची सलग माळ लागते. डोळे आणि हात पुढची गोष्ट सांगतात. भीती चढली की डोळे मास्कभर होतात, हात मास्ककडे किंवा तोंडाकडे जातात, अंग उभं होतं आणि पाय वरच्या दिशेने मारायला लागतात. तो क्षण यायच्या आधी हात धरणं, हेच मार्गदर्शकाचं खरं काम. मासे दाखवायला कोणीही चालतं.

साधारण पाच मीटरवर एक पोपटमासा प्रवाळ कुरतडत होता. त्याच्या चोचीचा कर्र कर्र आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. काकूंनी मला बोट करून दाखवला. आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्यांच्या बुडबुड्यांमधली विश्रांती गेली.

मी समोर आले. डोळे नेहमीसारखे. अंग आडवं. हात मास्ककडे गेले नाहीत. त्यांनी पंजा आडवा धरून हलवला, म्हणजे काहीतरी गडबड आहे, आणि रेग्युलेटरकडे बोट केलं: हवा येत नाहीये. टाकीच्या गेजवर १२० बार होते, म्हणजे हवा भरपूर होती. टाकीची झडप अर्धवट उघडी असेल तर श्वास घेताना काटा खाली झुकतो. काटा हलला नाही. तरी मी माझा जादाचा रेग्युलेटर त्यांना दिला. त्यातूनही तेच. मग त्या खोकल्या. रेग्युलेटर तोंडात ठेवूनच, एकदा, दोनदा, मग थांबेचना.

मी अंगठा वर केला, म्हणजे 'वर चला'. एका हाताने त्यांचं तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट आणि दुसऱ्या हाताने त्यांचा रेग्युलेटर तोंडाशी धरून हळूहळू वर आले. सहकाऱ्याने मुलीला आमच्या मागे वर आणलं.

घाबरलेल्या माणसाला वर आणलं, मास्क काढला, आकाश दिसलं की दोन-चार मिनिटांत त्याचा श्वास ताळ्यावर येतो, बऱ्याचदा तो हसतोही. काकू वर आल्यावर आणखी धापा टाकू लागल्या. "अगं… श्वास… पुरत नाही," एवढं बोलायला त्यांना तीन श्वास लागले. छातीतून बुडबुडल्यासारखा आवाज येत होता. ओठांवर फेस होता आणि तो गुलाबी होता.

सहकारी म्हणाला, "सायनसचं रक्त आहे ते. घाबरल्यात, दुसरं काही नाही." सायनसमधून रक्त येणं आमच्याकडे नेहमीचं आहे, पण ते नाकातून मास्कमध्ये उतरतं. खोकल्याबरोबर तोंडातून येणारा फेस ही वेगळी गोष्ट आहे. फुप्फुस फाटण्याची इजा साधारण वर येताना किंवा वर आल्यावर कळते. इथे खोकला खालीच सुरू झाला होता, एकाच खोलीवर, शांतपणे पोहताना. इमर्जन्सीच्या प्रशिक्षणात यावर एकच पान होतं, ते मला त्या क्षणी आठवलं: पाण्यात बुडालेल्या अवस्थेत फुप्फुसात पाणी भरणं. बाहेरचं पाणी नव्हे, आपल्याच रक्तातलं.

माणूस गळ्यापर्यंत पाण्यात गेला की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे ढकललं जातं. निरोगी हृदय ते पेलतं. रक्तदाब वाढलेला असेल, हृदय थोडं ताठर झालेलं असेल, तर फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब चढतो आणि द्रव हवेच्या पिशव्यांमध्ये झिरपतो. ब्रिटिश हृदयरोगतज्ज्ञ पीटर विल्म्सहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात याबद्दल लिहिलं, तेव्हा दोष थंड पाण्याकडे जात होता. पुढे उबदार समुद्रांमध्येही अशी उदाहरणं सापडली. आणि वर येताना त्रास वाढतो यालाही कारण आहे. पाच मीटरवर श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब पृष्ठभागाच्या दीडपट असतो. वर आलं की तो आधार सुटतो. तेव्हा रुग्णाला पाण्यात थांबवून धीर देत बसणं हे सगळ्यात वाईट, आणि भीती समजून आपण नेमकं तेच करतो.

वजनांचा पट्टा मी सोडून दिला. जॅकेट पूर्ण फुगवलं नाही, कारण ते छाती आवळतं. ओढतच उथळ पाण्यात आणलं, तिथे टाकी उतरवली. काका धावत आले आणि त्यांना वाळूवर आडवं करू लागले. मी जवळजवळ ओरडलेच, "काका, झोपवू नका! बसू दे त्यांना!" आडवं केलं की पायांतलं रक्त पुन्हा छातीकडे येतं. वेटसूटची चेन कमरेपर्यंत उघडली, पाठीला टेकू दिला, ऑक्सिजनचा मास्क लावून मिनिटाला १५ लिटरवर सोडला. कुणीतरी प्यायला पाणी घेऊन आलं, ते परत पाठवलं. रुग्णवाहिका येईपर्यंत त्यांच्या बोटांची नखं निळसरची गुलाबी झाली होती.

मी एका कागदावर खोली, पाण्यातला वेळ, खोकला कधी आणि कुठे सुरू झाला हे लिहून मुलीच्या हातात दिलं. रुग्णालयात डॉक्टरांनी आधी विचारलं, "पाणी गिळलं का?" त्या कागदामुळे प्रश्न पुढे सरकला. दोन दिवसांत काकू घरी गेल्या. हा आजार वेळेवर बाहेर काढलं आणि ऑक्सिजन मिळाला तर बहुधा असाच, एक-दोन दिवसांत ओसरतो. वेळ गेली तर जीव जातो, आणि मग त्याची नोंद बुडून मृत्यू अशी होते.

मुलगी सामान न्यायला आली तेव्हा बॅगेतून रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी पडली. आमच्या वैद्यकीय फॉर्ममध्ये हा प्रश्न स्पष्ट आहे: वय ४५च्या पुढे, आणि रक्तदाब जास्त आहे का? काकूंच्या फॉर्मवर दहाच्या दहा उत्तरं 'नाही'. मुलीने सांगितलं, काउंटरवरच्या माणसानेच सांगितलं होतं, "सगळीकडे नाही लिहा, नाहीतर डॉक्टरांचं पत्र आणावं लागेल, आजचा नंबर जाईल." मला त्या माणसाचा जेवढा राग आला, तेवढा समुद्राचा कधी आला नाही. तो फॉर्म पाहुण्यांसाठी सहीचा कागद आहे, माझ्यासाठी पाण्याखालचा एकमेव वैद्यकीय इतिहास आहे. काकू खोटं बोलणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांच्या हिशेबी रक्तदाब हा आजारच नव्हता. रोज गोळी घेतली की झालं.

आता काउंटरवर काहीही भरलेलं असो, मी वाळूवर स्वतः विचारते. 'काही आजार आहे का?' असं नाही, तर 'रोज कोणती गोळी घेता?' उत्तरं एकदम बदलतात. या प्रश्नामुळे काही जणांना मी परत पाठवलं आहे, त्यावरून मालकांशी वाद झाला आहे, आणि तो पुन्हा होईल.

घटनेच्या नोंदवहीत सहकाऱ्याने 'घबराट' असं लिहून ठेवलं होतं. तो वाईट मुलगा नाही, पोहण्यात माझ्यापेक्षा सरस आहे. पण बाई, वय पन्नाशीपुढे, धाप लागलेली, एवढं दिसलं की आमच्या धंद्यात उत्तर तयार असतं. मी ती ओळ खोडली नाही. खाली वेळेसकट काय दिसलं ते लिहिलं आणि सही केली. किती नोंदवह्यांमध्ये ही खालची ओळ नसेल, याचा विचार मी अजून करते.

काकूंचा नंतर फोन आला. बोलता बोलता म्हणाल्या, "अगं, तलावात जोरात पोहल्यावर असाच खोकला मला आधीही आला होता. मला वाटलं क्लोरीनचा असेल." मग विचारलं, पुन्हा पाण्याखाली येता येईल का. ज्याला एकदा झालं त्याला पुन्हा होण्याचा धोका मोठा असतो, म्हणून मी नाही म्हणाले. पोहण्याचं काय, तेही आधी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा, आणि तलावातला तो खोकला त्यांना सांगायला विसरू नका, एवढं बजावलं. त्या थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग तपासण्यांची नावं लिहून घेण्यासाठी त्यांनी मुलीला हाक मारली.