आमची वाटचाल : वीज गेली तरी चालणारे घड्याळ

बेळगावच्या उद्यमबागेत एका भाड्याच्या गाळ्यात आम्ही कारखान्यांचे भोंगे आणि शाळांच्या घंटा ठरल्या वेळी वाजवणारी यंत्रे बनवायला लागलो, तेव्हा वेळ मोजण्याचे काम आम्ही आर्डुइनो उनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डावरच सोपवले होते. त्या बोर्डावरील मुख्य चिपला ठोके देणारा सिरॅमिक रेझोनेटर ०.५ टक्क्यांनी जरी चुकला, तरी दिवसाला सात मिनिटांचा फरक पडतो. शिवाय वीज गेली की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. खानापूर तालुक्यातील एका शाळेत भर पावसाळ्यात मधल्या सुट्टीची घंटा प्रार्थनेच्या वेळी वाजली आणि गुरुजींनी फोनवर शांतपणे विचारले, "घंटा पूर्वीसारखी हातानेच देऊ का?" तो प्रश्न मला फार लागला.

मग आम्ही डीएस१३०७ ही घड्याळाची चिप वापरली. तिच्या क्रिस्टलची (ठोके देणाऱ्या क्वार्ट्‌झच्या तुकड्याची) कंपने सेकंदाला ३२,७६८, म्हणजे दोनचा पंधरावा घात, असल्यामुळे पंधरा वेळा निम्मे केले की नेमका एक सेकंद मिळतो, आणि वीज नसताना बटण सेलवर मोजणी चालू राहते. शाळांचा प्रश्न त्याने सुटला. पण फाउंड्रीतील (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यातील) तापलेल्या पॅनेलमध्ये हाच क्रिस्टल मंदावतो, आणि एका ठिकाणी पाळीचा भोंगा महिन्याभरात दीड मिनिट मागे पडला. तेव्हापासून आम्ही महाग असली तरी डीएस३२३१ हीच चिप बसवतो, कारण क्रिस्टल आणि तापमापक दोन्ही तिच्या पोटातच असून ती दर ६४ सेकंदांनी तापमान पाहून स्वतःला सुधारते. शून्य ते ४० अंशांत तिची चूक वर्षाला साधारण एका मिनिटाच्या आत राहते.

एक चूक मात्र पूर्णपणे आमची होती. ही चिप आणि सेलची जागा असलेली छोटी तयार बोर्डे, म्हणजे मॉड्यूल, बाजारात मिळतात; त्यांतील अनेकांवर पुन्हा चार्ज होणाऱ्या सेलसाठी चार्जिंगची सोय असते. आम्ही तेथे चार्ज न होणारा सीआर२०३२ हा बटण सेल बसवत राहिलो आणि चाचणीच्या टेबलावर एक सेल फुगलेला सापडला. आता प्रत्येक मॉड्यूलवरील '२०१' छापलेला, सेलला चार्जिंगचा प्रवाह पोचवणारा इवलासा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने काढल्याशिवाय सेल बसत नाही.

चिप मध्येच थांबली असेल तर तिच्या नोंदीत तसा झेंडा, म्हणजे खुणेचा एक बिट, उभा राहतो. यंत्र सुरू होताच आमचा प्रोग्राम तो आधी तपासतो. झेंडा दिसला तर घंटा मुळीच वाजत नाही, लाल दिवा लागतो, आणि वेळ कशी लावायची हे सांगणारा मराठी व कानडी कागद झाकणाच्या आतच चिकटवलेला असतो.