गाविलगडची कादंबरी : पाचव्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीच्या वेळी सहा प्रकरणं झाली होती. आता नऊ झालीत, पण आठवं पूर्ण फाडून नव्याने लिहावं लागलं, म्हणून महिना गेला. त्यात कापसाच्या वेचाईचा दुसरा फेरा आला, तूर सोंगायची होती. लिहिणं रात्री जेवणानंतर तासभर, दोनशे पानी रजिस्टरमध्ये.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. गोष्ट १८०३ सालच्या डिसेंबरातली, इंग्रजांनी नागपूरकर भोसल्यांचा हा चिखलदऱ्याजवळचा किल्ला घेतला तेव्हाची. नायक गवळ्याचा बारा वर्षांचा पोरगा, नाव सोमा. रोज पहाटे गडावर दूध घालतो, त्यामुळे त्याला दरवाजे माहीत आहेत आणि दरवाजे सोडून असलेल्या वाटाही. गाविलगड हे नावच गवळ्यांवरून पडलं असं आमच्याकडे सांगतात, मग नायक दुसऱ्या कोणाचा पोरगा कसा करू? दहा ते चौदा वर्षांच्या वाचकांसाठी लिहितो आहे, सोळा प्रकरणांत संपवायचा बेत आहे.

हाच किल्ला का, हे काहींनी विचारलं होतं. मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली १८७१ मध्ये, गुंजीकरांच्या ‘मोचनगडा’पासून. तेव्हापासून आपण सह्याद्रीतच रमलो. मीही लहानपणी त्याच गडांवरून हिंडलो, पुस्तकातून, आणि त्याचं ऋण मोठं आहे. पण आमच्या गच्चीवरून उत्तरेला जो डोंगर दिसतो त्याच्यावर सहाशे वर्षांचा किल्ला उभा आहे, हे मला बारावीनंतर कळलं. गोनीदांचा, म्हणजे कादंबरीकार गो. नी. दांडेकरांचा, जन्म १९१६ मध्ये परतवाड्यात झाला, म्हणजे याच डोंगराच्या पायथ्याशी. त्यांची कादंबरीही मावळातल्या गडांवरच जास्त रमली. इथली पोट्टी सिंहगडाची घोरपड सांगतात आणि गाविलगडाला मात्र ‘चिखलदऱ्याचा तो किल्ला’ म्हणतात. हे मला फार लागतं.

आता आठव्या प्रकरणाचं. लढाईच्या आदल्या रात्री, म्हणजे १४ डिसेंबरला, सोमा गडाच्या दक्षिण बाजूने दरीत उतरतो. मी तिथं चांदणं घातलं होतं. पांढऱ्या कातळावर पोराची सावली पडते, वरून पहारेकरी ती सावली बघतो, पोरगा थिजतो. दोन पानं मन लावून लिहिली होती, मला ती फार आवडली होती.

दर रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर दहा-बारा पोरं बसतात, त्यांना प्रकरण वाचून दाखवतो. सावलीपर्यंत आलो आणि सहावीतली एक पोरगी म्हणाली, “काका, चांदणं कुठून आलं?”

“काहून?”

“आडगावच्या लढाईत तं पुनव होती ना? तुमीनंच सांगतलं. मंग पंधरा दिवसानं अवस नाई येनार?”

रजिस्टर मिटलं. ती बरोबर होती. आडगावची लढाई, गाविलगडाच्या आधीची इंग्रज-भोसल्यांची, २९ नोव्हेंबरची. संध्याकाळ उतरल्यावर इंग्रजांच्या घोडदळाने पळणाऱ्या फौजेचा पाठलाग चांदण्यात केला, हे मीच चौथ्या प्रकरणात लिहिलेलं. तिथून पंधरा दिवस मोजा. रात्री मोबाइलवर चंद्राच्या कला मागे नेऊन पाहिल्या : १४ डिसेंबर १८०३ला अवस. ज्या रात्री माझा सोमा चांदण्यात दरी उतरत होता त्या रात्री आभाळात चंद्रच नव्हता.

सावली गेली, पहारेकरी गेला, प्रकरणाचा कणाच गेला. दोन दिवस लिहायला बसलो नाही.

मग या महिन्याची अवस आली, आणि योगायोगाने त्या आठवड्यात शेतीची लाइन रात्रीची होती. हरभऱ्याला पाणी द्यायला बाराला वावरात गेलो. मोटर सुरू केली, बॅटरी खिशात टाकली आणि बांधाने उजेडाशिवाय चालून पाहिलं. पहिली दहा मिनिटं काहीच दिसेना. मग हळूहळू कळलं की अंधारातही आभाळ जमिनीपेक्षा उजळ असतं. विहिरीजवळचा निंब काळा ठिपका होऊन आभाळावर दिसतो, पण पायाखालचा दगड दिसत नाही. पाटातलं पाणी आधी ऐकू येतं. ओल्या ढेकळांचा वास आला की वाफा जवळ आला. बोटं पसरून हात लांब धरला तर हात असल्याचं कळतं, बोटं मोजता येत नाहीत. मधेच तुरीत काहीतरी खसफसलं. रानडुक्कर असावं. मी जागीच उभा राहिलो, आणि उभं राहिल्यावर लक्षात आलं की माझ्या तोंडाने श्वास घ्यायचा आवाज मलाच मोठा वाटतो आहे.

घरी आल्यावर चिखलाचे पाय धुवायच्या आधी हे सगळं लिहून घेतलं. नव्या आठव्या प्रकरणात सोमा तोंड मिटून नाकाने श्वास घेतो. पुढचा दगड पायाच्या अंगठ्याने चाचपतो. पहारेकऱ्याला तो दिसत नाही. खाली गेलेला एक खडा पहारेकऱ्याला ऐकू जातो, आणि तो विचारतो “कोन हाय?” आणि मग दोघंही गप्प राहतात. ही गप्प राहायची जागा मला पूर्वीच्या सावलीपेक्षा शंभरपट चांगली वाटते. वाचून दाखवली तेव्हा ओसरीवर कोणी हललं नाही, आणि ती पोरगी खांबाला टेकून डोळे मिटून बसली होती.

सातवं आणि नववं प्रकरण सरळ झालं. सातव्यात इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी एलिचपुराहून, म्हणजे आजच्या अचलपुराहून, डोंगरात शिरून उत्तर बाजूला जाते. ७ ते १२ डिसेंबर, सहा दिवस. तोफा न्यायला वाटच नव्हती, सैन्य पुढे रस्ता करत गेलं आणि मागून माणसांनी जड तोफा हातांनी ओढून नेल्या. ज्याने पावसाळ्यात फसलेली बैलबंडी वावराबाहेर काढली आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. नववं म्हणजे १३ तारखेपासून तोफा सुरू झालेल्या गडावरचे दोन दिवस, मागे वळून सांगितलेले. दिल्ली दरवाजावरचा गंडभेरुंड, म्हणजे दोन तोंडांचा कोरलेला पक्षी, सोमाला कसा दिसतो, त्यावर अर्धं पान रेंगाळलो आहे. पोरांनी ते काढायला सांगितलं, मी काढणार नाही. चिखलदऱ्याला गेलात तर त्या दरवाजाखाली पाच मिनिटं मान वर करून उभे राहा, मग तुम्हीही काढणार नाही.

एक अडचण अजून सुटली नाही, त्यावर तुमचं मत हवं आहे. १५ डिसेंबरला सकाळी गड पडतो. बाहेरच्या तटाला खिंडार पडलेलं असतं, आतल्या तटाला इंग्रजांच्या कॅप्टन कॅम्पबेलची माणसं शिड्या लावून चढतात आणि दरवाजा उघडतात. किल्लेदार बेनीसिंग मारला जातो, आणि त्याच्याबरोबर कितीतरी माणसं. हे बदलता येत नाही, बदलायचंही नाही. माझा नायक गड वाचवू शकत नाही हे वाचणाऱ्या पोराला पहिल्या प्रकरणापासून माहीत असेल, तर त्याने कशासाठी पान उलटायचं? सध्या मी हे असं बांधलं आहे : सोमाची थोरली बहीण गडावर कामाला आहे, तिला आणि तिच्या तान्ह्या पोराला बाहेर काढायचं. दरीतून तो एकटा उतरला तो वाट बघायला, वाट सापडली, आता उजाडायच्या आत पुन्हा वर जायचं. गडाचं काय होतं ते इतिहास सांगतो, पण त्या दोघांचं काय होतं ते फक्त मला माहीत आहे.

मरणं किती दाखवायची, इथं मी अडलो आहे. बेनीसिंग पडतो ते सोमाने स्वतः पाहावं, की नंतर कोणाकडून ऐकावं? ऐकण्यात धार कमी होते. पाहण्यात दहा वर्षांचं पोरगं रात्री झोपत नाही. ओसरीवरच्या मोठ्या पोरांना पाहायचं आहे, लहानांना विचारलंच नाही अजून.

दहावं प्रकरण अर्ध्यावर आहे. सोमा परत वर चढतो आहे, बाळाला धरायला सोबत आणलेलं घोंगडं कमरेला बांधलंय, आणि आभाळाला थोडी फट पडली आहे की तो तोफांचा उजेड आहे, हे त्याला अजून कळलेलं नाही. पुढच्या रविवारपर्यंत तटापर्यंत पोचवतो. मधे एक दिवस शिडी लावून गावातल्या देवळाच्या भिंतीवर चढून बघायचं आहे, कितव्या पायरीला पाय कापायला लागतात ते.