एका जावक नंबरसाठी अकरा दिवस

एमएस्सी पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या वर्षानंतर उन्हाळ्यात स्टायपेंडवाली इंटर्नशिप मिळाली, ठाणे खाडीच्या पाण्याचं टेस्टिंग, दोन महिने. मी ऐरोलीची, म्हणजे फ्लेमिंगो अभयारण्य घराजवळच, त्यामुळे मुलाखतीत खाडीबद्दल विचारलं तेव्हा बोलतच सुटले. २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली हे सांगून टाकलं, त्यांनी विचारलंही नव्हतं. सिलेक्शन आठवड्यात झालं.

आणि मग एनओसी.

जॉइनिंगला कॉलेजच्या लेटरहेडवर ना हरकत पत्र हवं होतं, प्राचार्यांची सही, गोल शिक्का आणि जावक नंबर, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्राचा रजिस्टरमधला नंबर. मॅडमनी मसुदा दिला, प्राचार्यांनी दुसऱ्या दिवशी सही केली, शिक्काही लागला. ऑफिसात गेले तर खिडकीवरचे काका म्हणाले, "जावकचं रजिस्टर कपाटात आहे, चावी जावकवाल्यांकडे, आणि ते रजेवर." कधी येतील? "गावी गेलेत, कोकणात, आंबे उतरवायला." मी म्हटलं काका, तुम्हीच टाका ना नंबर. "ते माझ्या टेबलचं काम नाही बाळा."

मे महिना, आंब्याचा सीझन, माणूस कसा येणार! रोज सकाळी ऐरोलीहून ट्रान्स हार्बर पकडून ठाण्याला जायचे, खिडकीवर तोच चेहरा, तेच उत्तर. पाचव्या दिवशी सुपरिटेंडेंटकडे गेले तर ते म्हणाले चावीचा जोड कुठेतरी आहे, शोधायला सांगतो. आठव्या दिवशीही शोध चालूच होता. घरी आई म्हणे तू नीट विचारलं नसशील. तिकडे जॉइनिंगची तारीख उलटून गेली आणि मी लोकलमध्ये बसून उगाच रडवेली व्हायचे, एका आकड्यासाठी!

शेवटी नवव्या दिवशी इंटर्नशिपच्या कोऑर्डिनेटरना मेल टाकला की सही-शिक्का आहे, नंबर नाही, चालेल का? तासाभरात उत्तर: स्कॅन पाठवा, उद्यापासून या, ओरिजिनल नंतर द्या. हे पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर? म्हणून सांगते, अडलात की ऑफिसच्या खिडकीशी हुज्जत घालत बसू नका, जिथे जायचंय तिथे मेल करा. अकराव्या दिवशी जावकवाले काका आले, रजिस्टर उघडलं, नंबर टाकला, अर्धं मिनिट. आंबा मात्र एक नाही दिला.

कामाचं थोडक्यात सांगते. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणून सॅम्पलिंगची वेळ बदलती, कधी पहाटे तर कधी भर दुपारी. विरघळलेल्या ऑक्सिजनच्या सॅम्पलमध्ये केमिकल जागेवरच घालायची, लॅबपर्यंत थांबलात तर आकडा चुकतो. बीओडीसाठी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन वापरतात त्या टेस्टसाठी, आपल्याकडे तीन दिवस २७ डिग्रीची पद्धतही आहे, मला फक्त पाच दिवस २० डिग्री माहीत होतं, पहिल्याच दिवशी बोलणी खाल्ली. गमबूट स्वतःचे न्या, तिथले कधीच आपल्या मापाचे नसतात. आणि चिखलात जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत.

अर्जाचं उशिरा आठवलं: देशातल्या विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप असते तिचे अर्ज आदल्या वर्षीच मागवतात, मी मार्चमध्ये शोधायला लागले तेव्हा मुदत गेलेली होती. शिफारसपत्र मागायला सरांना परीक्षेआधीच गाठा, सुट्टीत फोन लागत नाही.

हो, आणि स्टायपेंडसाठी बँकेचं खातं चालू आहे ना ते बघा. माझं अकरावीत काढलेलं स्कॉलरशिपचं खातं कधीच बंद पडलं होतं, ते केवायसी करून सुरू करण्यात पुन्हा दोन फेऱ्या झाल्या. एनओसीच्या दोन ओरिजिनल काढा, मी एकच काढली आणि स्टायपेंडच्या वेळी अकाउंट्सवाल्यांनी दुसरी मागितली. पुन्हा त्याच खिडकीवर गेले. या वेळी जावकवाले काका जागेवर होते.