पोच

माझी नोकरी आवक-जावकची. तालुक्याच्या एका सरकारी कार्यालयात खिडकीशी बसतो, आलेल्या अर्जावर शिक्का मारतो, रजिस्टरला नोंद करतो, दुसऱ्या प्रतीवर पोच देतो. सतरा वर्षं हेच चाललंय. "दादा, तोंडी सांगू नका, लिहून द्या," हे वाक्य दिवसातून दहादा तरी माझ्या तोंडून निघतं. आणि स्वतःच्या लेकीसाठी मात्र मी चार महिने तोंडीच बोलत राहिलो.

लेक दहा वर्षांची, यंदा पाचवीला. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हातापायांवर ताबा कमी. हिची उजवी बाजू. उजव्या पायात गुडघ्याखाली प्लास्टिकचा स्प्लिंट. उजवी मूठ उघडते, पण धरलेलं टिकत नाही. चौथीपर्यंत वर्ग तळमजल्यावर होता, पाचवीचे सगळे वर्ग वर. मध्ये बावीस पायऱ्या.

जिन्याला एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कठडा. वर जाताना कठडा उजव्या हाताला येतो, म्हणजे तिच्या दृष्टीनं तो नाहीच. उतरताना तोच डाव्या हाताला येतो, मग ती एकेक पायरी बरोबर उतरते. मुख्याध्यापक शाळा सुटताना फाटकाशी उभे असतात, त्यामुळे त्यांनी तिला कायम उतरतानाच पाहिलेलं. "छान उतरते की हो, तुम्हीच फार काळजी करता."

चढते कशी, हे आम्हालाही ठाऊक नव्हतं. एकदा डबा घरी विसरला म्हणून हिची आई मागोमाग गेली, तेव्हा दिसलं. पोरगी पाठमोरी चढत होती! तोंड खाली रस्त्याकडे, डाव्या हातात कठडा, डावी टाच मागच्या पायरीवर टेकायची आणि उजवा पाय ओढून घ्यायचा. दप्तर मैत्रिणीच्या खांद्यावर. ही युक्ती तिची तिनंच शोधलेली, घरी चकार शब्द नाही.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. मागणी एवढीच, की पाचवीची एक तुकडी खाली आणा. "बघू." "संस्थेला विचारावं लागेल." "खोल्याच कुठायत?" दिवाळी गेली. शेवटी एकदा मुख्याध्यापकांनी अगदी मायेनं ऐकवलं, "तिच्यासाठी एखादी विशेष शाळा बघा ना. तिथं तिला तिच्यासारखी मुलं भेटतील." मी मान हलवली. परत येताना गाडीवर मागं बसलेली बायको म्हणाली, "हे त्यांनी लिहून दिलं असतं का हो?"

त्या रात्री मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ पहिल्यांदा नीट वाचला. हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. कलम १६ सांगतं, की सरकारचं अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, इमारत आणि आवार त्याला वापरता येईल असं ठेवायचं आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करून द्यायची. अनुदान 'किंवा' मान्यता, म्हणजे "आम्ही विनाअनुदानित" ही पळवाट बंद. विशेष शाळेचं उत्तर कलम ३१ मध्ये सापडलं. सहा ते अठरा वर्षांच्या, किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि यातली कुठली शाळा ते मुलाच्या पसंतीनं. शाळेच्या नव्हे. हिचं प्रमाणपत्र पन्नास टक्क्यांचं आहे.

इथं एक सांगायलाच हवं, कारण आमच्या शेजारच्या मुलाला तीस टक्के मिळाले आणि त्याच्या घरच्यांनी आशाच सोडली. कलम १६ मध्ये चाळीसचा आकडा नाही. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं परीक्षेतल्या लेखनिकाबाबत नेमकं हेच सांगितलं, की वाजवी सोय ही फक्त चाळीस टक्केवाल्यांची मक्तेदारी नाही.

माझे साडू न्यू जर्सीत असतात, त्यांचा मुलगा ऑटिझमचा. तिकडे १९७५ पासून यासाठी वेगळा कायदा आहे. शाळेला दरवर्षी पालकांसोबत बसून मुलाची वैयक्तिक योजना लिहावी लागते आणि पालकांची मागणी नाकारायची तर कारणासह लेखी कळवावं लागतं. हे ऐकून मी गप्प झालो. आपल्या कायद्यात हक्क भरपूर आहेत, पण शाळेनं कधी, कुणासोबत बसायचं आणि किती दिवसांत उत्तर द्यायचं, हे नाही. त्यामुळे आपल्याकडे नकार हवेतच विरतो. उद्या तक्रार करायची म्हटलं तर कशाची करणार? "बघू"ची?

म्हणून मी एक पानी अर्ज लिहिला. भांडण नाही, विशेषणं नाहीत. कठडा कुठल्या बाजूला, पायऱ्या किती, कलम १६, मागणी एक. शाळेतले लिपिक म्हणाले, "सर आल्यावर बघतो." मी म्हटलं, "भाऊ, मीही हेच काम करतो. शिक्का म्हणजे अर्ज मिळाला एवढंच. आतल्या मजकुराला तुम्ही जबाबदार नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, हसले आणि शिक्का मारला. (नसता मारला तर स्पीड पोस्टनं पाठवणार होतो, त्याची पावतीही चालते.) एकेक प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना आणि बीआरसीच्या, म्हणजे तालुक्याच्या गट साधन केंद्राच्या, विशेष शिक्षिकेला दिली. पुढची पायरीही वाचून ठेवली होती, पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांची. चौकशीसाठी त्यांना काही बाबतींत दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत.

ती वेळ आली नाही. नवव्या दिवशी मुख्याध्यापकांचा फोन. "अहो, अर्ज कशाला? चहाला यायचं होतं, बोलून मिटवलं असतं." चार महिने मी काय करत होतो, ते विचारावंसं वाटलं, पण गिळलं. शनिवारी सातवीच्या मुलांनी बाकं उचलली आणि चित्रकलेचा वर्ग वर, पाचवी ब खाली. दोन तासांचं काम.

मी लेखी उत्तरही मागितलं. तीन ओळी मिळाल्या, "आपल्या विनंतीनुसार" वगैरे. विनंती नव्हती, पण तो शब्द खोडून घ्यायला मी गेलो नाही. फाइलला लावून टाकलं.

आता कळतंय की वाचनालय आणि संगणक कक्ष वरच आहेत. आठवड्यातून दोनदा पोरगी अजून पाठमोरीच चढते. दुसरा अर्ज दिलाय, भिंतीच्या बाजूनं बावीस पायऱ्यांना लोखंडी पाइप बसवा म्हणून. पोच आहे, उत्तर नाही. आज पंधरावा दिवस. सोमवारी स्मरणपत्र क्रमांक १.