विल्यम मार्शलच्या मागावर : लंडन, चेपस्टो, टिंटर्न

विल्यम मार्शल या बाराव्या-तेराव्या शतकातल्या इंग्रज सरदारासाठी इंग्लंडला जाणारे बहुतेक जण लंडनचं टेंपल चर्च पाहून परततात. मला विचाराल तर एक मुक्काम वाढवा आणि वेल्सच्या सीमेवर चेपस्टो-टिंटर्न गाठा. घराण्याचं पुढे काय झालं ते तिथे कळतं.

सुरुवात टेंपल चर्चपासूनच करावी. तिकीट आहे, आणि प्रार्थना-लग्नांमुळे वेळा बदलतात, त्यामुळे आदल्या दिवशी वेळ बघून घ्या. शनिवार-रविवारी फ्लीट स्ट्रीटचं फाटक बंद दिसलं तर ट्यूडर स्ट्रीटकडून या. गोल भागात जमिनीवर सरदारांच्या दगडी मूर्ती आडव्या आहेत. त्यांत विल्यम, थोरला मुलगा विल्यम आणि तिसरा मुलगा गिल्बर्ट आहेत असं मानतात. १९४१ च्या बाँबहल्ल्यात छप्पर पेटून कोसळलं, त्याचे घाव मूर्तींवर दिसतात.

विल्यम मार्शल म्हणजे वतन नसलेला धाकटा मुलगा. लहानपणी राजा स्टीफनकडे ओलीस होता. बापानं शब्द मोडला तेव्हा राजानं पोराला फासावर द्यायची धमकी दिली. बापाचं उत्तर होतं, याहून चांगले मुलगे घडवायला ऐरण-हातोडा आहे माझ्याकडे! राजाला दया आली म्हणून पोर वाचलं. पुढे सत्तरीत, बालराजा तिसऱ्या हेन्रीचा कारभारी म्हणून, त्यानं १२१७ मध्ये लिंकनची लढाई जिंकली. १२१९ मध्ये कॅव्हरशॅमला अंथरुणाला खिळल्यावर त्यानं टेंपलर या ब्रह्मचारी योद्धा-साधूंच्या पंथाचा झगा घेतला. त्यानंतर बायकोला जवळ घेणं निषिद्ध. म्हणून त्यानं आधी इझाबेलला बोलावून शेवटचं चुंबन मागितलं आणि दोघंही रडली. थोरल्या मुलानं लिहवून घेतलेल्या पद्यचरित्रातला हा प्रसंग वाचूनच तिथे जा.

चेपस्टोला पॅडिंग्टनहून न्यूपोर्टला गाडी बदलून जाता येतं. स्टेशनापासून किल्ला चालत. वाय नदीच्या कड्यावरचा हा किल्ला १०६७ नंतरचा. तो विल्यमला मिळाला इझाबेलमुळे, ११८९ च्या लग्नात. ती स्ट्राँगबो या बड्या सरदाराची मुलगी आणि वारस, विशीच्या आतली. हा चाळिशी ओलांडलेला. त्याच्याच काळातली दरवाजाची लाकडी दारं आत मांडून ठेवली आहेत. लाकडाच्या वर्तुळांवरून त्यांचा काळ ठरला. युरोपातल्या किल्ल्यांची ही सर्वांत जुनी दारं समजतात. घाई करू नका, त्यांच्यासमोर थांबा. पायऱ्या आणि चढ बरेच आहेत, चांगले बूट हवेत.

टिंटर्नचा मठ इथून साधारण नऊ किलोमीटर. इझाबेल १२२० मध्ये तिथे पुरली गेली. मुलगे वॉल्टर आणि अँसेल्मही. पाच मुलगे एकामागोमाग अर्ल (मोठ्या सरदारकीचा किताब) झाले आणि १२४५ पर्यंत पाचही औरस संतती न ठेवता गेले. गिल्बर्ट तर हर्टफर्डच्या शस्त्रस्पर्धेत. घराणं निर्वंश झालं असं लोक लिहितात, मला ते पटत नाही. पाच मुली होत्या ना! इस्टेट त्यांच्या वाट्याला गेली. थोरल्या मॉडकडे चेपस्टो आलं, आणि तिचा नातू रॉजर बिगॉड यानंच १२६९ पासून टिंटर्नचं आज दिसणारं भव्य चर्च उभारायला मदत केली. पणतवानं पणजीच्या दफनभूमीवर उभारलेलं ते काम आहे. दुसऱ्या मुलीच्या, इझाबेलच्या वंशात स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आला, विल्यमचा खापरपणतू.

चेपस्टोहून टिंटर्नला ६९ नंबरची बस जाते. फेऱ्या कमी असतात, रविवारी तर विशेष, तेव्हा परतीची वेळ आधी पाहून मगच मठात शिरा. दोन्ही ठिकाणं वेल्स सरकारच्या कॅडू या संस्थेकडे आहेत. मुक्काम चेपस्टोलाच ठेवा, म्हणजे सकाळी किल्ला आणि दुपारी मठ निवांत होतो.