दोन दारांच्या आत

गुरुवार, रात्री

गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार. साडेनऊला गेलेली लाइट चारला आली. कालच बसवलेल्या मेशचे, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणाऱ्या डब्यांच्या जोडीचे, दोन्ही नोड पाठोपाठ सुरू झाले, बाबांचा फोन लागला, माझा लॅपटॉप लागला. खेळायचा कन्सोल मात्र लागेना. यादीत आपल्या नेटवर्कचं नाव दिसतंय, पासवर्ड तोच, चार वेळा टाकला, तरी उत्तर एकच : जोडता येत नाही.

नवी मेश बाबांसाठी घेतली. सदाशिव पेठेतली आमची इमारत जुनी, विटांची, भिंती दीड फुटाच्या. फायबरची वायर बाहेरच्या खोलीत येते आणि मागच्या खोलीत सिग्नल मेल्यासारखा. दादाशी व्हिडिओवर बोलायला बाबा गुडघा धरून बाहेर येऊन उभे राहायचे. ते आता आपल्या पलंगावर बसून बोलतात. त्यामुळे काहीही झालं तरी मेश काढायची नाही, हे मी आधीच ठरवून टाकलं.

पण कन्सोलही सोडायचा नाही. दादा जर्मनीला जाताना तो माझ्यासाठी ठेवून गेला. दर रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे उन्हाळ्यात त्याच्याकडे पाच वाजता, आम्ही फुटबॉल खेळतो. फोनवर आमचं बोलणं ‘बरं आहे ना’, ‘जेवलीस का’ यापुढे जात नाही. खेळताना मात्र तो सगळं सांगतो : नोकरीतलं, घरभाड्याचं, एकटं वाटतं तेही.

तासाभराने कारण सापडलं. मेशच्या अॅपमध्ये सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए३ होता. तो आला २०१८ मध्ये, कन्सोल त्याच्या आधीचा. त्याला डब्ल्यूपीए२च कळतं. पासवर्ड बरोबर असूनही तो दारातच अडत होता. डब्ल्यूपीए२ आणि ३ दोन्ही चालतील असा पर्याय निवडला आणि पहिल्याच फटक्यात लागला. जुनं यंत्र आणि नवा राउटर असेल तर पासवर्डवर शंका घेण्याआधी हे पाहावं.

शुक्रवार

ऑफिसातून यायला उशीर. पंधरा मिनिटं खेळून पाहिलं, खेळाडू जागच्या जागी थिजतात आणि मग एकदम उडी मारतात. जुना कन्सोल फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि पेठेत ती पट्टी गच्च भरलेली. फोनवर मोजली, शेजारपाजारची तेवीस नेटवर्कं. चॅनल म्हणायला तेरा, पण एकमेकांवर न चढणारे तीनच : १, ६ आणि ११. झोपते.

शनिवार

सकाळी तपकीर गल्लीत जाऊन दहा मीटर कॅट ६ ही नेटवर्कची वायर आणली, दोन्ही टोकांना पिना बसवून. बाबांच्या खोलीतल्या नोडला मागे वायर खोचायचे दोन लॅन पोर्ट आहेत, ते रिकामेच होते. तिथून दाराच्या चौकटीवरून मधल्या खोलीत कन्सोलपर्यंत वायर ओढली. मी स्टुलावर, बाबा खाली क्लिपा हातात घेऊन. ‘अगं, सरळ रेषेत घे, कोपऱ्यात जास्त वाकवू नकोस,’ असं दर फुटाला.

नोड आपला मुख्य नोडशी ५ गिगाहर्ट्झवर बोलतो, कन्सोल नोडशी वायरीने. २.४ची गर्दी वाटेतून गेली. तीच वायर लॅपटॉपला लावून राउटरला पिंग केलं, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. काल वायफायवर आकडा ४ पासून ९० मिलिसेकंदांपर्यंत नाचत होता, आज ५-६ वर टिकला. मेश घेतली म्हणजे सगळं बिनवायरीच चालवायचं असं नाही, आणि ही एक वायर मला सगळ्या सेटिंगांपेक्षा मोलाची वाटते.

तरी दादाचा आवाज येईना. संध्याकाळी त्याला जागेवर बसवून पाहिलं : मेसेज जातात, आमंत्रण जातं, एकमेकांच्या खेळात शिरता येत नाही. कन्सोलच्या तपासणीत नॅट टाइप ३. नॅट म्हणजे राउटरने घरातले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलणं, आणि ३ हा त्यातला सगळ्यात बंद प्रकार. इंटरनेट आहे, वेग आहे, आणि बाहेरचा कोणी आत येऊ शकत नाही.

मेशच्या अॅपमध्ये ‘इंटरनेटचा पत्ता’ म्हणून एक आकडा असतो. तो मी आजवर कधी नीट वाचला नव्हता. वाचला तर १९२.१६८ ने सुरू होणारा. हा तर घरातला पत्ता! खऱ्या इंटरनेटवर तो नसतोच. म्हणजे आमची मेश स्वतःच दुसऱ्या राउटरच्या आत बसली होती. फायबरचा डबा नुसता मोडेम नाही, तोही राउटरच, आणि दोघंही आपापल्या परीने पत्ते बदलत होते. जुन्या वाड्याला बाहेर दिंडीदरवाजा आणि आत चौकाचं दार असावं तसं. कन्सोल चौकाच्या दाराला सांगतो, ‘माझ्याकडे पाहुणा येणार आहे, उघडं ठेव.’ ते उघडतंही. दिंडीदरवाजाला मात्र कोणी सांगितलेलंच नसतं. दादा तिथेच उभा.

यातून दोन वाटा. फायबरचा डबा ब्रिज मोडवर टाकायचा, म्हणजे त्याने पत्ते न बदलता नुसता मोडेम व्हायचं, किंवा मेशला अॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे पत्ते वाटायचं काम तिच्याकडून काढून घ्यायचं. पहिल्या वाटेला जोडणीचं युजरनेम लागतं, ते घरात कुठे लिहिलेलं नाही. दुसरी घेतली. डब्याच्या खालच्या स्टिकरवरचा पासवर्ड टॉर्च धरून वाचला, आत जाऊन यूपीएनपी, म्हणजे कन्सोलने सांगितलं की दार आपोआप उघडायची सोय, सुरू केलं, डब्याचं स्वतःचं वायफाय बंद केलं, कारण एकाच कोपऱ्यात दोघांनी ओरडायची गरज नाही.

डब्याचा बाहेरचा पत्ताही पाहिला. तो १००.६४ ते १००.१२७ यांतला निघाला असता तर तिसरं दार पुरवठादाराकडे असतं, आणि ते माझ्या हातात नव्हतं. तसा नव्हता. मी खरंच देवाला हात जोडले.

सगळं बंद करून क्रमाने सुरू केलं : आधी डबा, मग मुख्य नोड, मग बाबांचा, शेवटी कन्सोल. तपासणी : नॅट टाइप २, म्हणजे वाट मोकळी.

‘लागलं का गं?’ बाबांनी आतून विचारलं.

रविवार

साडेआठला दोन मिनिटं कमी असताना हेडसेट घातला. दादा आधीच येऊन बसला होता. पहिला गोल त्याने घातला, दुसराही. मी चिडले, तो हसला, त्या हसण्यात कुठेही खंड पडला नाही.

मध्यंतराला तो एकदम गप्प झाला. मला वाटलं पुन्हा तुटलं, हात वायरीकडे गेला.

‘थांब, बोलू नकोस,’ तो म्हणाला. ‘आईचा कुकर ऐकू येतोय. ही तिसरी शिटी ना? सांग तिला, बंद कर म्हणावं.’