पंचांगातला मृग आणि गच्चीवरचा पाऊस

ठाण्यातल्या आमच्या घरी भाजीपाल्याचे वर्ष नक्षत्रांवर चालत असे. मृग लागला की वेलभाज्या, हस्त सरला की पालेभाज्या, आणि उन्हे तापू लागली की बहुतेक कुंड्यांना विश्रांती. मृग नक्षत्र ७-८ जूनच्या सुमारास लागते आणि हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. त्यामुळे ठाण्यात पंचांग आणि वेधशाळा यांचे बऱ्यापैकी जुळत होते. २०२५ मध्ये मात्र हा पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. त्याआधीच्या ७५ वर्षांत तो इतक्या लवकर आला नव्हता. परतीची वाटही लांबली आहे. मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरली जात असे, ती २०२० मध्ये हवामान खात्याने बदलून ८ ऑक्टोबर केली. घटस्थापनेच्या आसपास मेथी-पालक पेरणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण तेवढ्या काळात एक जोरदार सर आली तरी उगवलेले सगळे कुजून जाते.

म्हणून मी आता पेरणीची तारीख ठरवत नाही. पिकांचा क्रम नक्षत्रांचाच ठेवते, पण बी केव्हा टाकायचे ते माती, पाने आणि रात्रीचे तापमान पाहून ठरवते, आणि कोणतेही बियाणे एका वेळी सगळे वापरत नाही. येऊरहून जांभळी नाक्याला रानभाज्या विकायला येणाऱ्या एका मावशींनी मला मातीची पारख शिकवली. त्या म्हणाल्या, "ताई, मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोट लावल्यावर फुटला, तर बी टाका. चिकटून राहिला तर थांबा." पाच सेकंदांची ही परीक्षा मी प्रत्येक पेरणीआधी करते आणि हवामानाच्या अंदाजाइतकेच तिला मानते.

बाग गच्चीवर आहे. पोखरण रोडवरची आमची इमारत जुनी, चार मजली; सोसायटीची लेखी परवानगी घेऊन आणि स्लॅबवरचा भार तुळयांच्या रेषेवर येईल अशी मांडणी करून ही बाग उभी राहिली. भिजलेली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, त्यामुळे माझ्या पिशव्यांत निव्वळ माती नसते; माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेणखत किंवा गांडूळखत असे साधारण समप्रमाणात मिसळलेले असते आणि त्यात थोडी निंबोळी पेंड घातलेली असते. सगळ्या कुंड्या विटांवर ठेवलेल्या आहेत. पावसाळ्यात पाणी खालून मोकळेपणी निघून जावे आणि उन्हाळ्यात तापलेल्या स्लॅबची झळ मुळांना लागू नये, ही दोन्ही कामे त्या विटा करतात.

पावसाळी वेलांपासूनच सुरुवात करते, कारण बदलत्या हवामानाचा पहिला फटका त्यांना बसतो. शिराळी, कारली, पडवळ आणि काकडी यांच्या रोपांना जोराचा पाऊस सुरू होण्यापूर्वी निदान चार-पाच खरी पाने (बीजदलांनंतर येणारी) आलेली असली पाहिजेत. तेवढी वाढ झालेली रोपे मुसळधार पावसातही तग धरतात, पण नुकताच कोंब वर आलेला असताना संततधार लागली तर जमिनीलगतचे खोड काळे पडते आणि रोप कोलमडते. ही मर बुरशीमुळे होते आणि एकदा लागली की पसरत जाते. पाऊस २६ मेला येणार की १५ जूनला, हे मेच्या सुरुवातीला कोणी सांगू शकत नाही. त्यामुळे मी बियाणे तीन वाट्यांत विभागते आणि दहा-बारा दिवसांच्या अंतराने कागदी पेल्यांत, छपराखाली रोपे तयार करते. पाऊस लवकर आला तर पहिली तुकडी मांडवावर जाते, उशिरा आला तर शेवटची. मधल्या तुकडीची रोपे बहुधा इमारतीतल्या शेजाऱ्यांकडे जातात. बियाणे मी शक्यतो दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणांचे घेते. शिराळ्याचा 'कोकण हरिता', कारल्याचा 'कोकण तारा' आणि पडवळाचा 'कोकण श्वेता' हे वाण कोकणासाठीच निवडलेले आहेत. देखण्या वेष्टनातले संकरित बियाणे कितीही मोह घालत असले, तरी आपल्या पावसासाठी निवडलेला वाण अधिक भरवशाचा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मांडव मात्र हलका आणि मोकळा हवा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा कुलाब्याला ताशी ११४ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची नोंद झाली होती. असा वारा प्लास्टिकचे आच्छादन उचलतो आणि त्याबरोबर बांबूही उपटून नेतो. म्हणून बांबूवर नायलॉनची मोठ्या छिद्रांची जाळी ताणावी, म्हणजे वारा आरपार निघून जातो. उन्हाळ्यातली शेडनेट मेच्या मध्यालाच उतरवून ठेवावी.

वेलांना फुले भरपूर येतात आणि फळ धरत नाही, ही शहरातल्या बहुतेक गच्च्यांवरची तक्रार आहे. शिराळ्याचे पिवळे फूल संध्याकाळी, साधारण पाचनंतर उमलते. नरफुलांचा घोस असतो. मादीफूल एकेकटे येते आणि त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढे, बारीक शिरा उमटलेले कोवळे शिराळे असते. पावसाची झड लागलेली असली की मधमाश्या फिरकत नाहीत आणि भिजलेले परागकण चिकटून बसतात. अशा वेळी नुकते उमललेले नरफूल खुडावे, पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि आतले परागकोष मादीफुलाच्या मधल्या हिरवट, फुगीर भागावर अलगद टेकवावेत. पाऊस भुरभुरत असेल तर रात्रभर वर कागदाची टोपी ठेवावी. दोन-तीन दिवसांत ते कोवळे शिराळे मान खाली घालून वाढू लागले तर काम झाले. पिवळे पडून गळले तर परागीभवन झाले नाही असे समजावे. कारल्याचे फूल याउलट भल्या पहाटे उमलते, त्यामुळे त्याच्याकडे सकाळच्या चहाआधी जावे लागते. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचा (नरमाश्यांना वासाने ओढणाऱ्या आमिषाचा) सापळा मांडवापासून थोडा दूर टांगते आणि डंख लागलेली फळे पिशवीत बांधून टाकते. ती कुंडीतच राहू दिली तर आतल्या अळ्या मातीत जाऊन पुन्हा माश्याच होतात.

जुलै-ऑगस्टमध्ये रोपे फिकट पडली की बरेच जण औषधाच्या मागे लागतात, पण रोग बहुतेकदा नसतोच. सततच्या पावसाने मातीतले नत्र धुऊन जाते आणि ढगाळ हवेत पाने अन्नही कमी तयार करतात. एकदम मूठभर खत घातले तर तेही पुढच्या सरीत वाहून जाते; त्यापेक्षा उघडीप मिळेल तेव्हा पातळ केलेले शेणपाणी थोडे थोडे देणे चांगले. खरीखुरी बुरशी दिसली तर एक टक्क्याचे बोर्डो मिश्रण घरी करता येते: १० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, दोन्ही प्लास्टिकच्याच भांड्यांत विरघळवून मग एकत्र करावेत आणि लगेच वापरावेत. पालेभाजीवर ते मी मारत नाही. पावसाळ्यात पालेभाजी म्हणून अळू, मायाळू आणि माठ पुरेसे होतात, आणि कोथिंबिरीचा हट्ट मी पाऊस सरेपर्यंत धरत नाही.

टोमॅटो हे ठाण्यात सर्वांत अवघड पीक आहे, आणि त्याचे कारण दिवसाच्या उन्हापेक्षा रात्रीच्या उबेत आहे. रात्रीचे तापमान २२-२३ अंशांच्या वर राहिले तर टोमॅटोचे पराग नीट तयार होत नाहीत आणि फुले देठातून गळतात. आपल्याकडे ऑक्टोबरच्या रात्री उकाड्याच्या असतात. थंडी खऱ्या अर्थाने डिसेंबरात पडते आणि फेब्रुवारी सरता सरता निघूनही जाते. म्हणजे फळ धरण्याचा काळ जेमतेम अडीच-तीन महिन्यांचा, आणि थंडी उशिरा आली तर तोही आखडतो. रोपे मी ऑक्टोबरच्या सुरुवातीला छपराखाली टाकते, महिनाअखेरीस पिशव्यांत हलवते, आणि रात्रीचा किमान आकडा रोज पाहते. तो घसरू लागला की वाढीचे नत्र थांबवून लाकडाची राख आणि सेंद्रिय खत देते. निम्मी रोपे छोट्या, चेरी टोमॅटोची असतात, कारण ती उबदार रात्रींतही बरीच फळे धरतात. फळाच्या बुडाला काळा, दबलेला डाग पडला की अंड्याची टरफले घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. टरफलातले कॅल्शियम सुटायला फार वेळ लागतो, आणि मूळ दुखणे बहुतेक वेळा पाण्याच्या अनियमिततेचे असते. कोरडे पडू देऊन मग भरपूर पाणी ओतणे थांबले की पुढची फळे स्वच्छ येतात.

थंडीत ढगाळ हवा पडली की वालावर आणि मिरचीवर मावा ही रस शोषणारी कीड येते, हे ठरलेले आहे. अवकाळी ढगांचा अंदाज कळला की मी आदल्या संध्याकाळीच ५० ग्रॅम वाटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात भिजत घालते आणि दुसऱ्या दिवशी गाळून कोवळ्या शेंड्यांवर फवारते. मिरचीची पाने वळून बोकड्या झाला असेल तर रोप उपटणेच बरे. ते बरे होत नाही आणि शेजारच्या रोपांनाही धोका होतो. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणूचेही तसेच आहे. तो पांढऱ्या माशीमार्फत पसरतो, आणि त्याला बऱ्यापैकी दाद न देणारा 'परभणी क्रांती' हा वाण म्हणूनच माझ्या आवडीचा आहे.

उन्हाळ्यासाठी थोडक्यात सांगते. ५० टक्के सावलीची जाळी, कुंडीत चार बोटे जाडीचा पालापाचोळा, आणि सूर्य वर येण्यापूर्वी पाणी. २०२४ च्या एप्रिलात ठाणे-रायगड पट्ट्यात उष्णतेच्या लाटेचे इशारे आले तेव्हा पश्चिमेच्या कठड्याजवळच्या कुंड्या सर्वांत आधी सुकू लागल्या, कारण दुपारी तापलेला कठडा रात्रीही ऊब सोडत राहतो. तेव्हापासून मार्चमध्येच त्या कुंड्या टाकीच्या सावलीत येतात. याच दिवसांत मी एका पसरट ट्रेमध्ये वाळूत समुद्रमेथी, म्हणजे मेथीची कोवळी रोपे, घेते. तिला खत लागत नाही, दिवसातून दोनदा पाण्याचा हलका शिपका पुरतो आणि दोन आठवड्यांच्या आत ती मुळासकट उपटून खाता येते. हवा बिघडली तर ट्रे उचलून आत नेता येतो, हा तिचा मोठा गुण.

फळझाडांत माझ्याकडे कागदी लिंबू आणि पेरू आहेत. बहर धरण्याचे जुने शास्त्र गच्चीवर कुंडीतही लागू पडते, किंबहुना अधिक सोपे होते. झाडाला काही काळ पाण्याचा ताण द्यायचा, पाने मलूल होऊन थोडी गळू द्यायची, मग माती हलवून खत घालायचे आणि पाणी हळूहळू वाढवायचे. तीन-चार आठवड्यांत नवी पालवी आणि फुले येतात. फुले केव्हा आणायची त्यावरून मृग (पावसाळ्याच्या सुरुवातीचा), हस्त (पावसाळ्याच्या अखेरीचा) आणि आंबे (थंडीच्या अखेरीचा) असे तीन बहर. लिंबाचा हस्त बहर धरला तर फळे ऐन उन्हाळ्यात मिळतात, पण त्यासाठी ताण भर पावसाळ्यात द्यावा लागतो, आणि कोकणात जमिनीतल्या झाडाला ते जवळजवळ अशक्य आहे. कुंडी मात्र ऑगस्टच्या अखेरीस जिन्याच्या छपराखाली सरकवता येते. तिथे पुरेसा उजेड यायला हवा, एवढेच पाहावे. पेरूचे उलट आहे: फेब्रुवारी-एप्रिलमध्ये येणारी फुले मी खुडते, कारण त्यांची फळे पावसात येतात आणि फळमाशी त्यांना सोडत नाही, मृग बहराची फळे थंडीत येतात, गोड असतात आणि बहुतेक निर्मळ निघतात.

नव्या पालवीवर लिंबाच्या फुलपाखराची अळी येते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते, आणि काडीने डिवचले की डोक्यामागून लालसर शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. मोठ्या झाडावर अशा दोन-चार अळ्या असल्या तर मी त्यांना राहू देते. छोट्या कुंडीतल्या झाडाची सगळी पालवी एका आठवड्यात संपेल असे दिसले तर त्या उचलून आवारातल्या बेलाच्या झाडावर नेऊन सोडते. बेलाची पानेही त्यांना चालतात.